‘कशावरून?’ असं कुणी विचारलं तर : ख्रिस्ती विश्वासाची बाजू पुराव्यानिशी कशी मांडावी

आमच्या मंडळीच्या (चर्चच्या) तरुण संघात काही वर्षांपूर्वी मी एक गोष्ट मोठ्या ऐटीत सांगितली होती. नासाच्या शास्त्रज्ञांनी ग्रहांच्या जुन्या जागा संगणकावर मोजायला घेतल्या, हिशोबात एक दिवस कमी भरला, आणि तो हरवलेला दिवस बायबलमधल्या यहोशवाच्या पुस्तकाच्या दहाव्या अध्यायात सापडला. सूर्य थांबला होता, तो दिवस. मागच्या बाकावर इंजिनिअरिंगचा एक मुलगा बसला होता, मित्राबरोबर पहिल्यांदाच आलेला. त्याने मोबाइल काढला, दोन मिनिटं काहीतरी वाचलं आणि शांतपणे म्हणाला, “सर, ही अफवा आहे. बरीच जुनी. नासानेच असं काही झालं नाही म्हणून सांगितलंय.”

तो खरं बोलत होता. पुढचा अर्धा तास मी येशूच्या पुनरुत्थानाविषयी, म्हणजे मरणातून उठण्याविषयी बोललो, त्यातलं बरंचसं ठीक होतं, पण त्याने ते ऐकलं नाही. कशाला ऐकेल? ज्या माणसाने पहिलीच नोट खोटी दिली, त्याच्या बाकीच्या नोटा कोण मोजत बसतो?

त्या दिवसापासून आम्ही जी पद्धत धरली ती इथे लिहितो आहे. ती मुख्यतः विश्वासणाऱ्यांसाठी आहे. पण विश्वास नसलेल्या वाचकालाही आमच्या बाजूने काय म्हणता येतं आणि काय म्हणता येत नाही, हे त्यातून कळेल. पेत्राच्या पहिल्या पत्रात (३:१५) तुमच्या आशेबद्दल विचारणाऱ्याला उत्तर द्यायला तयार राहा असं सांगितलं आहे, आणि लगेच पुढे, ते सौम्यपणे द्या, असंही. तिथे ‘उत्तर’ म्हणून जो ग्रीक शब्द आला आहे तो कोर्टात आरोपी आपली बाजू मांडतो त्यासाठी वापरला जाई. म्हणजे आपण फिर्यादी नाही. दुसऱ्याच्या देवाधर्मावर तुटून पडणं हे या कामात बसतच नाही.

आधी प्रश्न ऐका

“देव आहे कशावरून?” हे एकच वाक्य तीन माणसं तीन वेगळ्या कारणांनी विचारतात. एकाला खरंच पुरावा हवा असतो. दुसऱ्याला चारचौघांत तुमची फिरकी घ्यायची असते. तिसऱ्याची आई गेल्याच महिन्यात कॅन्सरने गेलेली असते. या तिसऱ्या माणसाला विश्वाच्या आरंभावरचा युक्तिवाद ऐकवणं म्हणजे शुद्ध क्रूरपणा. त्याच्याकडे जाऊन बसा, चहा घ्या, गप्प राहा. बायबलमधल्या दुःखात बुडालेल्या ईयोबाचे मित्र सात दिवस त्याच्याजवळ गप्प बसले तोवर बरे होते. बोलायला लागले आणि बिघडलं.

म्हणून आमच्याकडे पहिला नियम असा की उत्तर देण्याआधी एक उलट प्रश्न विचारायचाच : “हे तुझ्या मनात कशामुळे आलं?” टोमणा म्हणून नाही, माहिती म्हणून. निम्म्या वेळा खरा प्रश्न वेगळाच निघतो.

वही काढा, आणि कच्चा माल फेकून द्या

दोनशे पानी वही घ्या. प्रत्येक पानावर तीन रकाने पाडा : ‘दावा’, ‘कशावरून’ आणि ‘किती पेलतो’. हा तिसरा रकाना सगळ्यात महत्त्वाचा. एखादा पुरावा खरा असतो, पण आपण त्याच्या डोक्यावर भलतंच ओझं देतो. १९६१ साली कैसरियाला एक शिलालेख सापडला, त्यावर येशूला देहदंड देणाऱ्या पंतय पिलाताचं नाव आहे. खरा आहे. त्यावरून काय ठरतं? पिलात नावाचा रोमी अधिकारी यहूदीयात होता, एवढंच. ‘बायबल खरं ठरलं’ असं त्या दगडावर कुठे लिहिलेलं नाही.

मग व्हॉट्सअ‍ॅपवर आलेलं सगळं या वहीतून गाळून घ्या. नासाचा दिवस, अरारात डोंगरावर दर काही वर्षांनी नव्याने सापडणारं नोहाचं तारू, तांबड्या समुद्राच्या तळाशी फारोच्या रथाची चाकं. ‘कशावरून’च्या रकान्यात लिहायला काही नसेल तर त्या ओळीवर आडवी रेघ मारा. फॉरवर्ड पाठवणारे पाळकसाहेब असोत नाहीतर मावशी.

हे फक्त भोळ्या लोकांचं होतं असं समजू नका. २०१२ साली अमेरिकेत एका नामवंत अभ्यासकाने भर वादसभेत जाहीर केलं की मार्काच्या शुभवर्तमानाचा (येशूच्या चरित्राचा) पहिल्या शतकातला तुकडा सापडला आहे. सहा वर्षं ते वाक्य व्याख्यानांतून फिरत राहिलं. २०१८ मध्ये तुकडा रीतसर छापला गेला तेव्हा त्याचा काळ निघाला दुसऱ्या शतकाचा शेवट किंवा तिसऱ्याचा आरंभ. त्या अभ्यासकाने जाहीर माफी मागितली, हा त्याचा मोठेपणा. पण ज्या सभांतून ते सांगितलं गेलं त्यांतली किती माणसं ती माफी वाचायला गेली असतील?

एकाच दाव्यावर उभे राहा

नवशिक्यांची चूक ही की ते एका दमात उत्क्रांती, नोहाचा पूर, भविष्यवाण्या, पुनरुत्थान, सगळं अंगावर घेतात. नव्या करारातली अनेक पत्रं लिहिणाऱ्या प्रेषित पौलाने स्वतःच वजन कुठे आहे ते सांगून ठेवलं आहे : ख्रिस्त उठला नसेल तर आमची घोषणा व्यर्थ आणि तुमचा विश्वासही व्यर्थ (१ करिंथ १५:१४). धर्मसंस्थापकाच्या अनुयायाने असं लिहिणं धाडसाचंच आहे; विरोधकाला नेमकी खीळ कुठली काढायची ते तो दाखवून देतो. तर तिथेच उभे राहा. विश्वाचा आरंभ, निसर्गनियमांची नेमकी जुळणी, नीतीची जाणीव यांवरचे युक्तिवाद वाचून ठेवा, उपयोगी आहेत; पण माझ्या अनुभवात त्यांनी माणूस फार तर ‘काहीतरी शक्ती असेल’ इथपर्यंत येतो, आणि महाराष्ट्रात बहुतेक लोक तिथे आधीच असतात.

आता तो १५ वा अध्याय उघडा आणि तिसऱ्या ते आठव्या ओवीपर्यंत सावकाश वाचा. आम्ही पेन्सिल घेऊन वाचतो.

पौल म्हणतो, मला जे मिळालं ते मी तुमच्या हवाली केलं. ‘मिळालं’ आणि ‘हवाली केलं’ ही जोडी साधी नाही. यहुदी गुरुशिष्यांत पाठ केलेली शिकवण पुढे देण्यासाठी हीच भाषा होती. पुढे येतं ते छोट्या छोट्या ठोकळ्यांत, पाठ करायला सोपं : ख्रिस्त आपल्या पापांसाठी मेला, पुरला गेला, तिसऱ्या दिवशी उठवला गेला, केफाला (म्हणजे पेत्राला) दिसला, मग बारा जणांना. त्यानंतर पाचशेहून अधिक बंधूंना, याकोबाला, सर्व प्रेषितांना आणि शेवटी पौलाला.

आता तारखा मांडा. वधस्तंभाचं साल इ.स. ३० किंवा ३३ धरतात. करिंथकरांस हे पहिलं पत्र साधारण ५३ ते ५५ च्या दरम्यानचं. म्हणजे अंतर वीस-पंचवीस वर्षांचं. पण पौलाला हे ‘मिळालं’ कधी? गलतीकरांच्या पत्रात (१:१८-१९) तो सांगतो की मन पालटल्यावर तीन वर्षांनी तो यरुशलेमेला गेला, केफाकडे पंधरा दिवस राहिला, आणि प्रभूचा भाऊ याकोब यालाही भेटला. यादीतली दोन नावं, आणि दोघांशी समोरासमोर गाठ. ही ओळ घटनेनंतर काही थोड्या वर्षांतच तयार झाली होती, हे विश्वास न ठेवणारे कितीतरी अभ्यासकही मान्य करतात. गेर्ड ल्यूडेमन हा जर्मन विद्वान स्वतःला ख्रिस्ती म्हणवत नसे. तरी येशूच्या मृत्यूनंतर पेत्राला आणि शिष्यांना तो दिसल्याचे अनुभव आले, हे त्याने ऐतिहासिक तथ्य म्हणून धरलं. ते अनुभव म्हणजे मनाचे खेळ, असं त्याचं मत. पिंखास लापिडे हा यहुदी विद्वान तर त्याच्याही पुढे गेला : पुनरुत्थान घडलं असं त्याने मानलं, आणि तरी तो यहुदीच राहिला. पुरावा मान्य करणं आणि शरण जाणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे यावरून शिकावं.

आता तिसरा रकाना. हा पुरावा किती पेलतो? दंतकथा वाढायला शतकं लागली, हा आक्षेप तो पाडतो. शिष्यांना आपण येशूला पाहिलं याची खात्री होती, हे तो दाखवतो. पण या यादीत रिकाम्या कबरेचा स्पष्ट शब्द नाही, स्त्रियांचं नाव नाही. आणि पाचशे जणांचा उल्लेख दुसरीकडे कुठेच येत नाही. समोरचा अभ्यास करून आलेला असेल तर हे तो म्हणणारच. त्याने म्हणायच्या आधी तुम्हीच म्हणा. पाचशेच्या आकड्यावर मी स्वतः कधी भर देत नाही. केफा, याकोब आणि पौल हे तिघे मला पुरतात. पेत्र नाकारून पळालेला. याकोब घरचाच, आणि येशूच्या भावांचा त्याच्यावर विश्वास नव्हता असं योहान (७:५) सांगतो. पौल तर मंडळीचा छळ करणारा.

स्त्रियांचं सांगायचं तर चारही शुभवर्तमानांत कबरेजवळ पहिल्या पोचतात त्या स्त्रिया. त्या काळी स्त्रियांच्या साक्षीला किंमत नव्हती. पहिल्या शतकातला यहुदी इतिहासकार योसेफस तसं लिहितो. दुसऱ्या शतकातल्या केल्सस नावाच्या टीकाकाराने ‘वेडसर बाईच्या सांगण्यावर विश्वास’ म्हणून खिल्लीही उडवली होती. गोष्ट रचायची असती तर साक्षीला कुणी मरिया मग्दालियाला उभं केलं नसतं.

बाहेरचे साक्षीदार

इथे तीन नावं पाठ असावीत, आणि तिघांच्याही मर्यादा.

टॅसिटस हा रोमी इतिहासकार. इ.स. ६४ साली रोम जळलं, नीरोने आळ ख्रिस्ती लोकांवर घातला, हे सांगताना तो ख्रिस्ताला सम्राट तिबेरियाच्या कारकिर्दीत पंतय पिलाताने देहदंड दिला असं लिहितो. त्याचं लिखाण ११६ च्या सुमाराचं. ख्रिस्ती लोकांचा त्याला मनापासून तिटकारा, म्हणूनच त्याची साक्ष मोलाची. साधारण ११२ मध्ये धाकटा प्लिनी हा रोमी सुभेदार सम्राटाला कळवतो की हे लोक ठरलेल्या दिवशी पहाटे जमून ख्रिस्ताला देव मानून गीत गातात.

योसेफसच्या बाबतीत मात्र जपून. त्याच्या ग्रंथाच्या अठराव्या भागात येशूवर एक परिच्छेद आहे, आणि त्यात ‘हाच ख्रिस्त होता’ असं सरळ वाक्य आहे. योसेफस आयुष्यभर यहुदी होता. तो असं कशाला लिहील? नक्कल करणाऱ्या कुणा ख्रिस्ती हाताने ते घातलं असावं, असं आज बहुतेक अभ्यासक मानतात. मूळचा काही साधा उल्लेख तिथे होता की नाही यावर वाद आहे. म्हणून तो परिच्छेद जसाच्या तसा वाचून दाखवू नका. त्याऐवजी विसावा भाग घ्या : तिथे ‘ख्रिस्त म्हटलेल्या येशूचा भाऊ’ याकोब याला दगडमार झाल्याचं येतं. घटना ६२ सालची. उल्लेख ओझरता आहे, आणि म्हणूनच भरवशाचा.

या तिघांपैकी एकही पुनरुत्थान सिद्ध करत नाही. येशू होऊन गेला, मारला गेला, आणि त्याच्या माणसांनी त्याला लवकरच देव मानलं, इथपर्यंत ते आपल्याला आणून सोडतात. येशू नावाचा माणूस झालाच नाही, असं इंटरनेटवर फार चालतं. त्याला उत्तर द्यायला एवढं पुष्कळ झालं.

एक वस्तूही ध्यानात ठेवा. १९६८ साली यरुशलेमच्या उत्तरेला एक अस्थिपेटी सापडली. तिच्यातल्या माणसाच्या टाचेच्या हाडात लोखंडी खिळा तसाच अडकून होता. टोक वाकलेलं, बहुधा त्यामुळे तो उपसून निघाला नसावा. पेटीवर नाव : यहोहानान. ‘वधस्तंभावर मारलेल्यांना कधी पुरतच नसत, कुत्र्यांपुढे टाकत’ असं कुणी म्हटलं तर हे हाड उत्तर देतं : निदान एकाला तरी घरच्यांनी रीतसर पुरलं होतं.

विरोधी बाजू स्वतः मांडा

आमच्याकडे महिन्यातून एका शनिवारी एकाने नास्तिकाची बाजू घ्यायची, आणि ती जीव तोडून मांडायची असते. हसत हसत, मुद्दाम कच्ची मांडली तर पुढच्या वेळी पुन्हा त्याचीच पाळी.

‘शिष्यांनी प्रेत चोरलं’ हे फार टिकत नाही. आपण रचलेल्या खोट्यासाठी मार खायला माणसं सहसा तयार होत नाहीत. (सगळे बारा प्रेषित हुतात्मे झाले असं मात्र ठोकून देऊ नका. पेत्र, पौल, जब्दीचा याकोब आणि प्रभूचा भाऊ याकोब यांच्याबद्दल आधार चांगला आहे. बाकी बऱ्याच जणांच्या कथा फार नंतरच्या आहेत.)

भासाचा आक्षेप खरा जड आहे. गेलेलं माणूस दिसणं हे आपल्याही घरांत घडतं. आजोबा गेल्यावर आजीला ते पहाटे ओसरीवर बसलेले दिसतात. ती खोटं बोलत नसते. पण अशा वेळी घरचे ‘आजोबा येऊन गेले’ म्हणतात. ‘आजोबा जिवंत झाले, सातबाऱ्यावर पुन्हा नाव चढवा’ असं कुणी म्हणत नाही. भासातून येते ती ‘त्यांचा आत्मा भेटला’ ही समजूत. यहुदी लोकांकडे तशी भाषा तयार होती, आणि पुनरुत्थान म्हणजे युगाच्या शेवटी सगळ्यांचं, अशी अपेक्षा होती. मधेच एकट्याचं, आणि तेही शापित मानलेल्या लाकडावर, म्हणजे वधस्तंभावर मेलेल्याचं, हे त्यांच्या डोक्यात कुठून आलं? शिवाय पौल शोक करत नव्हता. तो शत्रू होता. एवढं मांडून थांबा. देव नाहीच असं ज्याने आधी ठरवलं आहे त्याला भासच पटेल, आणि त्याच्या जागेवरून ते तर्काला सोडूनही नाही.

येशू काश्मीरला गेला होता म्हणे

हा प्रश्न युरोपातल्या पुस्तकांत फारसा भेटत नाही, पण आपल्याकडे लग्नाच्या पंगतीतसुद्धा निघतो. म्हणून जरा खोलात.

यात दोन वेगळ्या गोष्टी एकत्र शिजवलेल्या असतात. पहिली : येशू तरुणपणी भारतात शिकायला आला. १८९४ साली निकोलस नोतोविच या रशियनाने पॅरिसमध्ये पुस्तक छापलं. लडाखमध्ये पाय मोडला, हेमिसच्या मठात पडून राहिलो, तिथल्या लामाने ‘ईसा’चं चरित्र वाचून दाखवलं, असं त्यात होतं. त्याच वर्षी मॅक्स म्युलरने त्यावर शंका घेतली. पुढच्या वर्षी आग्र्याच्या कॉलेजातले प्राध्यापक डग्लस स्वतः हेमिसला गेले. तिथल्या मुख्य लामाने असं पुस्तकही नाही आणि असा पाहुणाही आला नाही, असं सांगितलं. दुसरी बाजूही सांगा : १९२२ मध्ये रामकृष्ण परंपरेतले स्वामी अभेदानंद हेमिसला गेले आणि आपल्याला ती पोथी दाखवली गेली असं त्यांनी लिहिलं. पण ती पोथी आजतागायत कुणा अभ्यासकाच्या टेबलावर तपासायला आलेली नाही. आपण पौलाच्या पत्रांना जी कसोटी लावली तीच लावा : मूळ कुठे आहे, कुणी पाहिलं, किती जुनं?

दुसरी गोष्ट : येशू वधस्तंभावर मेला नाही, वाचला, काश्मीरला येऊन म्हातारा होऊन मेला, आणि श्रीनगरच्या खानयार भागातली रोजाबल ही त्याची कबर. हे मत कादियानच्या मिर्झा गुलाम अहमद यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मांडलं. अहमदिया पंथाची ती श्रद्धा आहे, तेव्हा बोलताना शब्द जपून. कबर आहे ती यूझ आसफ नावाच्या पुरुषाची. आणि या नावाची गंमत ऐका. मध्ययुगीन अरबी साहित्यात एका राजपुत्राची कथा आहे. राजवाडा सोडून तो संन्यासी होतो. त्याचं नाव बुदासफ, म्हणजे आपला ‘बोधिसत्त्व’. अरबी लिपीत शब्दाच्या सुरुवातीचा ‘ब’ आणि ‘य’ एकाच आकाराचे; खाली एक टिंब असेल तर ब, दोन असतील तर य. नकलाकाराचं एक टिंब जास्त पडलं की बुदासफचा युदासफ होतो, आणि तिथून यूझासफ. म्हणजे त्या नावामागे बहुधा येशू नाही, गौतम बुद्ध आहे.

हे सांगून जिंकल्यासारखं हसू नका. कारण हीच कथा पश्चिमेला गेली तेव्हा आमच्याच लोकांनी त्या राजपुत्राचा ‘संत योसाफत’ केला आणि त्याला संतांच्या यादीत बसवलं. शतकानुशतकं ख्रिस्ती लोक नकळत बुद्धाचा सण पाळत होते. टिंबाने दोघांनाही फसवलं.

‘बायबल बदललंय’

नव्या कराराची पाच हजारांहून जास्त ग्रीक हस्तलिखितं आहेत, काही पूर्ण, पुष्कळशी तुकड्यांत. त्यांच्यात पाठभेद किती? अंदाज चार लाखांच्या आसपास जातो. हा आकडा ऐकून घाबरणारे विश्वासणारे मी पाहिले आहेत. पण पोथ्या जितक्या जास्त तितके फरक जास्त. बहुतेक फरक शुद्धलेखनाचे, शब्द मागेपुढे झाल्याचे. ज्ञानेश्वरीच्या पोथ्या जुळवून पाठ नक्की करण्याचं काम एकनाथांनी केलं, हे ज्या समाजाला माहीत आहे त्याला पाठभेद म्हणजे काय हे समजावायला वेळ लागत नाही.

मोठे फरक दोन, आणि ते लपवायचे नाहीत. मार्काचा शेवट (१६:९-२०) आणि व्यभिचारात धरलेल्या स्त्रीचा प्रसंग (योहान ७:५३ ते ८:११) हे सर्वांत जुन्या चांगल्या हस्तलिखितांत नाहीत. आपल्या तरुणांना हे आपणच, आपल्या सभेत सांगावं. बाहेर कळलं तर आपण लपवलं असं त्यांना वाटतं, आणि ते बरोबरच असतं.

मँचेस्टरला योहानाच्या शुभवर्तमानाचा पपायरसचा तुकडा ठेवलेला आहे. साधारण एटीएम कार्डाएवढा. दोन्ही बाजूंना अक्षरं, म्हणजे गुंडाळी नव्हे, पानांचं पुस्तक होतं. मजकूर पिलातासमोरच्या चौकशीतला. पूर्वी याचा काळ छातीठोकपणे ‘इ.स. १२५’ सांगत, आता अक्षरवळणावरून इतकं नेमकं सांगता येत नाही असं अभ्यासक म्हणतात. तुम्ही ‘बहुधा दुसऱ्या शतकातला’ म्हणा आणि पुढे चला. आणि वहीत लिहून ठेवा : हस्तलिखितांची संख्या मजकूर नीट पोचला हे दाखवते. मजकूर खरा आहे, हे नव्हे.

मग तुकोबांचं काय?

“तुमचा येशू उठला ते खरं, मग तुकाराम महाराज सदेह वैकुंठाला गेले ते का नाही?” मराठी ख्रिस्ती माणसाला हा प्रश्न कधी ना कधी येतोच. आमच्या संघातल्या एका मुलाने यावर ‘त्यांचा खून झाला’ ही बाजू सुरू केली. समोरचा मित्र वारकरी घरातला. बोलणं तिथेच संपलं, आणि मैत्रीही बरेच दिवस.

प्रश्न मात्र रास्त आहे. आपलं माप एकच असलं पाहिजे. मी आता असं म्हणतो : “जे प्रश्न मी पौलाला विचारले तेच तिथेही विचारावे लागतील, सर्वांत जुना उल्लेख कुणाचा, प्रसंगाच्या किती जवळचा. तू तो आण, आपण दोघं मिळून वाचू.” निकाल आपण देऊ नये. तुकोबांच्या पुलावरून मी ख्रिस्ताकडे आलो, असं नारायण वामन टिळक सांगत. तो पूल आपल्या हाताने पाडायचं काही कारण नाही.

‘ब्रिटिशांचा धर्म’

इतिहास सांगा, थोडक्यात. सहाव्या शतकातला कॉस्मस नावाचा प्रवासी ‘कल्लियाना’ इथे बिशप असल्याचं लिहितो. बहुतेक अभ्यासकांच्या मते ते आपलं कल्याण. १३२१ मध्ये ठाण्याला चार फ्रान्सिस्कन साधू मारले गेले. ईस्ट इंडिया कंपनी तेव्हा कुणाच्या स्वप्नातही नव्हती.

पण लगेच समोरून गोव्याचं इन्क्विझिशन (धर्मन्यायालय) येईल, आणि यायलाच हवं. १५६० पासून १८१२ पर्यंत, मधली थोडी वर्षं सोडता, ते चाललं. ‘ते कॅथलिक, आम्ही प्रॉटेस्टंट’ ही पळवाट घेऊ नका. ख्रिस्ताच्या नावाने माणसांचा छळ झाला, ते पाप होतं, एवढं म्हणा. त्यापुढे ‘पण’ जोडू नका.

एका बैठकीत कुणी बदलत नाही

१८५७ साली जानेवारीपासून मेपर्यंत मुंबईच्या समुद्रकिनारी विष्णुबुवा ब्रह्मचारी आणि मिशनरी यांचे जाहीर वाद रंगत. ते वृत्तांत आजही वाचायला मजा येते. दोन्ही बाजू तयारीच्या. पण माणसं बदलली ती वेगळ्या वाटेने. काशीचे नीळकंठशास्त्री गोरे मिशनऱ्यांना गप्प करायला म्हणून गेले, वाचत गेले, भांडत गेले, आणि १८४८ मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. शंकांनी त्यानंतरही त्यांची पाठ सोडली नाही. पंडिता रमाबाईंनी १८८३ मध्ये इंग्लंडात बाप्तिस्मा घेतल्यावरही तिथल्या सिस्टरांशी त्रैक्यावरून (पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव या शिकवणीवरून) पत्रांतून वाद घातला; पटल्याशिवाय मान डोलावणार नाही म्हणाल्या. नारायण वामन टिळकांना आगगाडीत एका परक्या माणसाने नवा करार दिला; त्यांना धरून ठेवलं ते येशूच्या डोंगरावरच्या प्रवचनाने.

म्हणून वेळ पाळा. आम्ही तासभर बोलतो, मग थांबतो. ‘मला माहीत नाही, पुढच्या शनिवारी सांगतो’ हे वाक्य प्रत्येकाकडून तीनदा मोठ्याने म्हणवून घेतो, कारण ऐन वेळी ते तोंडातून निघत नाही. आणि पुढच्या शनिवारी खरोखर सांगतो.

वहीच्या शेवटच्या पानावर आम्ही न सुटलेले प्रश्न लिहितो. सध्या पहिल्या ओळीवर मत्तय २७:५२-५३ आहे : येशू मेला तेव्हा थडगी उघडली, पवित्र जन उठले आणि पुढे नगरात जाऊन पुष्कळांना दिसले. हे मत्तयाशिवाय दुसरा कुणीच का सांगत नाही? हा प्रश्न विचारला तो त्याच मागच्या बाकावरच्या इंजिनिअरिंगच्या मुलाने. तो अजून येतो. विश्वास ठेवत नाही. त्या ओळीसमोरचे ‘कशावरून’ आणि ‘किती पेलतो’ हे दोन्ही रकाने अजून कोरे आहेत.